बेटावरच्या रिसॉर्टसाठी सौरऊर्जेवर समुद्राचं पाणी गोडं करायचंय. बॅटरी घ्यावीच लागेल का?

बेटकरी:
नमस्कार मंडळी. एका लहान बेटावर 24 खोल्यांचं काम चालू आहे. भरलं तर 45 पाहुणे आणि तिथेच राहणारे 30 कर्मचारी. वीज नाही, पाणी बोटीने येतं, आणि समुद्र खवळला की तेही बंद. पाहुण्यामागे 250 आणि कर्मचाऱ्यामागे 120 लिटर धरले, तर रोजची गरज 15 हजार लिटरच्या आसपास जाते. पुरवठादार म्हणतो: ‘रोज 15 हजार लिटर’चं आरओ यंत्र (दाबाने बारीक पडद्यातून पाणी ढकलून मीठ वेगळं करणारं), 15 किलोवॅटची पॅनेल्स आणि यंत्र रात्रभर चालेल एवढी बॅटरी. निम्मा खर्च बॅटरीतच जातोय. ती गाळली तर चालेल का? डिझेल शक्यतो नकोच.

ऊनसावली:
आरओच कशाला? काचेच्या उतरत्या छपराखाली खारं पाणी तापवायचं आणि काचेवर जमलेले थेंब पन्हळीत घ्यायचे. ना पंप, ना मेम्ब्रेन (आरओतला गाळणारा पडदा). चिलीत लास सालिनास इथे 1872 मध्ये खाणीसाठी असा कारखाना उभारला होता आणि तो बरीच वर्षं चालला.

दाबमापक:
आधी बॅटरीचं. यंत्रासाठीची बॅटरी गाळा आणि त्या पैशात टाकी बांधा. दिवसा गोडं पाणी करून ठेवलं की रात्री ते उतारानेच खाली येतं. टाकीला ना चार्जिंग लागतं, ना खाऱ्या हवेत तिची क्षमता घटते. नियंत्रण पॅनेल आणि छोट्या पंपापुरती लहान बॅटरी मात्र ठेवा.

पण मग यंत्राचा आकार बदलतो, आणि तुमच्या प्रस्तावातली खरी गोम इथेच आहे. ‘रोज 15 हजार लिटर’ हा आकडा 24 तास चालण्याचा असतो. म्हणजे तासाला 625 लिटर. नुसत्या उन्हावर तेच यंत्र सहा तास चाललं, तर हाती पावणेचार हजार लिटर येतात. तुम्हाला सहा तासांत 15 हजार हवेत. माझं मत: तासाला दीड हजार लिटरची दोन यंत्रं घ्या, एक मोठं नको. ढग आले की एकच चालवता येतं, आणि एक उघडून ठेवलं तरी पाणी बंद पडत नाही. डिसेंबर 2014 मध्ये मालदीवच्या मालेत पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पाला आग लागली आणि अख्ख्या राजधानीचे नळ कोरडे पडले, भारतातून विमानाने आणि जहाजाने पाणी न्यावं लागलं. सगळं पाणी एकाच ठिकाणाहून आलं की असं होतं.

ऊनसावली, काचेची पद्धत खरी आहे, पण जागा बघा. चौरस मीटरला दिवसाला तीन ते पाच लिटर मिळतात. लास सालिनासला 4 हजार चौरस मीटरहून जास्त काच होती. 24 खोल्यांच्या बेटावर तेवढी मोकळी जमीन कुठून आणायची? पाण्याची वाफ करायला ऊर्जाही फार लागते: उष्णता परत वापरली नाही, तर हजार लिटरला 600 युनिटच्या वर. आरओला चारेक युनिट पुरतात.

पण ते ‘चारेक’ एका अटीवर. समुद्राच्या पाण्यातून शंभरातले 35 लिटर गोडे होतात, उरलेले 65 लिटर 55 ते 60 बार दाबाने बाहेर पडतात. तो दाब परत वापरणारं उपकरण यंत्रात आहे का, हे पुरवठादाराला लेखी विचारा. नसेल तर हजार लिटरला आठ-दहा युनिट जातील आणि 15 किलोवॅटची पॅनेल्स कुठेच पुरणार नाहीत. असेल तर 20 किलोवॅट घ्या. किलोवॅटमागे रोज चार युनिट धरले तरी 80 होतात, तुमची गरज 60 ची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सौरऊर्जेवरचं यंत्र रोज चालू होतं आणि रोज थांबतं. थांबलेल्या मेम्ब्रेनमध्ये समुद्राचं पाणी तसंच राहिलं, तर त्यात जीव वाढतात. म्हणून बंद करताना दर वेळी क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याने ते धुवायचं. क्लोरीन अजिबात नको, त्याने मेम्ब्रेन जळतं. धुण्याचा व्हॉल्व्ह आपोआप चालणारा घ्या आणि त्या छोट्या बॅटरीवर टाका. अचानक ढग आला तरी धुणं चुकता कामा नये. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावा, म्हणजे दाब हळूहळू चढतो.

एका बेटावर मी पाच मायक्रॉनचा फिल्टर उघडला, तर पांढरा कार्ट्रिज तपकिरी झालेला, बोटाला शेवाळासारखा बुळबुळीत, आणि वास कुजलेल्या शिंपल्यांचा. पाणी थेट उथळ लगूनमधून (प्रवाळाच्या कडेआतल्या शांत पाण्यातून) ओढत होते. पुढे किनाऱ्यावर विहीर पाडली, वाळूने गाळण्याचं काम केलं आणि तोच फिल्टर कितीतरी जास्त टिकू लागला. मी कुठल्याही बेटावर आधी विहिरीचीच जागा शोधतो.

प्रवाळ:
विहिरीबद्दल एक जोडते. लहान बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. विहीर बेटाच्या मध्याकडे घेतली आणि जोरात उपसली, तर खालचं खारं वर चढतं आणि झाडांचं पाणी जातं. अगदी किनाऱ्यालगत घ्या.

आणि बाहेर सोडायचं ते पाणी कुठे जाणार? 65 टक्क्यांत सगळं मीठ आलं, म्हणजे लिटरला 35 ग्रॅमचे 54 झाले. हे पाणी जड असतं, तळाशी बसतं, आणि तळाशीच प्रवाळ असतात. लगूनमध्ये नकोच. खडकाच्या कडेपलीकडे, प्रवाह असेल तिथे, अनेक भोकांच्या नळीतून सोडा. पाहुणे ज्या प्रवाळांसाठी येणार, ते वाचले पाहिजेत.

बेटकरी:
खूप आभार. टाकी केवढी? आणि सलग ढगाळ दिवस आले तर?

दाबमापक:
तीन दिवसांची, 45 हजार लिटर, दोन भागांत, म्हणजे एक साफ करता येतो. छपराचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या: 500 चौरस मीटरवर 10 मिलीमीटर पाऊस म्हणजे 5 हजार लिटर, थोडं वाया जाईल. ढगाळ दिवस बहुधा पावसाचेच. अंघोळीचं पाणी गाळून फ्लशला आणि बागेला दिलं, तर 15 हजारांची गरजच खाली येते. खरं तर यंत्राच्या आधी हेच करा.

आरओचं पाणी पाइप खातं, म्हणून टाकीत जाण्याआधी ते चुनखडीच्या थरातून न्या, चवही सुधारते. दाबाच्या बाजूला 316 स्टील पुरत नाही, जोडांच्या फटीत गंजतं. डुप्लेक्स (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टील) मागा.

यंत्र सांभाळणारा माणूस बेटावरच राहणारा हवा. त्याने रोज फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब, पाण्याचं तापमान, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आणि तासाचं उत्पादन वहीत लिहायचं. तापमान विसरू नका: पाणी गार झालं की उत्पादन आपोआप घटतं आणि लोक उगाच मेम्ब्रेन बदलतात.

विहिरीची आणि टाकीची जागा ठरली की नकाशा इथे टाका, पाइपचे व्यास बघून सांगतो.