एचओएचं पत्र : दिवाळीच्या माळा काढा, थँक्सगिव्हिंगनंतर परत लावा!

डॅलसकर_दादा : दिवाळीला घरासमोर छपराच्या कडेच्या गटरला (पन्हळीला) माळा लावल्या, म्हटलं आता ख्रिसमसपर्यंत राहू देत, परत शिडीवर कोण चढणार. तर काल एचओएचं, म्हणजे कॉलनीच्या घरमालक संघटनेचं, पत्र. हॉलिडे लाइट्स थँक्सगिव्हिंगनंतरच (म्हणजे नोव्हेंबरअखेरीस) लावायचे, 15 जानेवारीच्या आत उतरवायचे, आणि आत्ताचे 10 दिवसांत काढा नाहीतर दंड. समोरच्याच्या लॉनवर 12 फुटी सांगाडा हॅलोविनला दोन आठवडे होऊन गेले तरी उभाय, त्याला पत्र नाही. आमचीच माळ खुपते होय?

जुना_जर्सीकर : खुपत वगैरे काही नाही हो. घर घेताना सीसीअँडआरवर (कॉलनीच्या नियमांच्या करारावर) सही केलीत ना? न वाचता केली असणार, सगळेच करतात. आणि आपल्याकडे तरी आकाशकंदील तुळशीच्या लग्नापर्यंत, फार तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. ख्रिसमसपर्यंत ठेवणं ही परंपरा नाही, आळस आहे 😄

मीनल_बे_एरिया : आळस तर आळस. पण त्या नियमात "हॉलिडे" म्हणजे फक्त डिसेंबरच का? आमच्या कॅलिफोर्नियाने 2025 मध्ये कायदा करून दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांत घेतलं. एचओए खासगी, त्यांना ते लागू नाही हे कबूल, पण मीटिंगला जाऊन दिवाळीच्या तारखा नियमात घाला असं सांगायला काय हरकत? आपले लोक मीटिंगला जातच नाहीत, नंतर इथे कुरकुरतात.

शांतताप्रिय : मी एचओएच्या बाजूने, सॉरी. आमच्या शेजारी गाण्यावर नाचणारे लाइट्स आहेत. वीकेंडला बघ्यांच्या गाड्यांची रांग लागते, मला माझ्याच ड्राइव्हवेतून बाहेर पडता येत नाही, पडदे लावूनही पोराच्या भिंतीवर लाल-हिरवं-लाल-हिरवं चालूच. आयडाहोत हेडनला तर घरमालक विरुद्ध एचओए असं प्रकरण कोर्टात गेलं, दोन लाखांवर दिवे आणि वर उंट! ज्युरीने 2018 मध्ये घरमालकाला 75,000 डॉलर दिले, 2019 मध्ये जजने ते फिरवलं.

मीनल_बे_एरिया : अहो दादांच्या चार माळा कुठे आणि उंट कुठे 🙄

वायरमन_काका : नियमांचं तुम्ही बघा, मला वेगळीच काळजी. महिनोन्महिने माळ उन्हापावसात राहिली की इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. स्टेपल गनने ठोकली असेल तर वायर तिथेच चेपली, प्लास्टिकचे क्लिप वापरा. प्लग जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणाऱ्या) आउटलेटमध्येच, पावसात ट्रिप झाला तर शिव्या घालू नका, तो त्याचं काम करतोय. आणि वायरवरचा यूएलचा (सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचा) चमकता स्टिकर बघा, हिरवा म्हणजे फक्त घरात, लाल म्हणजे बाहेरही चालेल. विजेच्या बिलाचं म्हणाल तर एलईडीला नगण्य, जुने मोठे सी-नाइन बल्ब मात्र एकेक 7 वॉट खायचे.

जुना_जर्सीकर : काका, हा स्टिकर मी 20 वर्षांत कधी बघितला नाही. आता टॉर्च घेऊन बाहेर जातो.

डॅलसकर_दादा : मीही बघून आलो. चारपैकी तीन हिरवे 🤦 आणि हो, स्टेपलच मारलेत. शनिवारी उतरवतो. पण मीटिंगला जाणार, दिवाळीच्या आधी एक आठवडा ते त्रिपुरी पौर्णिमा एवढं लेखी मागणार, आणि सांगाड्याचा फोटो पण घेऊन जाणार.

शांतताप्रिय : फोटो नको हो, शेजारी आहे तो.

डॅलसकर_दादा : त्याने आज त्याला सांताची टोपी घातली.