कोरोनात पोरकी झालेली मुलं: मदत दर महिन्याला की मोठेपणी एकरकमी?

पाटकरी

आमच्या गल्लीतल्या एका मुलाला गेल्या महिन्यात अठरा वर्षं पूर्ण झाली. २०२१च्या एप्रिलमध्ये नऊ दिवसांच्या अंतराने त्याची आई गेली, मग वडील. तेव्हापासून तो आजीकडे. वाढदिवसाला दोन काका आणि एक मावसा केक घेऊन हजर झाले. इतकी वर्षं यातला एकही उंबऱ्याशी फिरकला नव्हता. आजी माझ्या बायकोला म्हणाली, "पोराचं वय वाढलं तसं आमचं गणगोत वाढलं बाई."

केक कशाचा होता ते सांगायला नको. कोरोनाने आई-वडील दोघंही गेलेल्या मुलाच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवायचं राज्य सरकारने जून २०२१मध्ये ठरवलं. त्याच्या चारच दिवस आधी केंद्राने पीएम केअर्समधून दहा लाखांची घोषणा केली होती: अठरा ते तेवीस या वयात दरमहा विद्यावेतन आणि तेवीस पूर्ण झाल्यावर दहा लाख. कागदावर बोट ठेवायला जागा नाही.

पण मधल्या काळात घर चाललं कशावर? आजीच्या श्रावणबाळ योजनेतल्या म्हातारपणाच्या पैशांवर, रेशनच्या गहू-तांदळावर आणि बालसंगोपन योजनेच्या महिना अकराशेवर. ते अकराशेही चार-पाच महिन्यांचे एकदम यायचे. पहिल्याच वर्षी दुभती म्हैस विकली. नावावर लाखो रुपये असलेला पोरगा दिवाळीच्या सुट्टीत मोसंबी तोडायला जात होता. तेव्हा पोटाला पाहिजे होतं तर पैसा बँकेत, आणि आता पैसा निघायचे दिवस जवळ आले तर दारात काका.

माझं मत: ठेवीतली निम्मी रक्कम तरी लहानपणीच दरमहा द्यायला हवी होती. आणि एकच पालक गेलेल्या मुलांना ठेवीतून वगळलं, ते मला आजही पटत नाही. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिलेले आकडे बघा. दोन्ही पालक गेलेली मुलं १०,०९४ आणि एक पालक गेलेली १,३६,९१०. म्हणजे जाहिरात दहा हजारांची आणि दुखणं दीड लाखाचं.

मतभेद असतील तर मोकळेपणी लिहा.

कॅशियर (नि.)

पाटकरी, लेख भावनेने ओथंबलेला आहे म्हणून थोडं कडू लिहितो.

चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलो. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाच्या खात्यातला पैसा कसा वितळतो ते मी जवळून पाहिलं आहे. एका मुलीच्या वडिलांच्या अपघाताची भरपाई जमा झाली होती. पालक म्हणून चुलता. आधी शाळेची फी म्हणून अर्ज, मग आजारपण म्हणून, मग घराचं छप्पर. दोन वर्षांत खातं कोरडं, आणि चुलत्याच्या दारात जुना का होईना ट्रॅक्टर. मुलगी नववीत शाळेतून काढली. प्रत्येक अर्जावर सही, अंगठा, सगळं रीतसर होतं.

तुम्ही म्हणता तो काका आज केक घेऊन आला. दरमहा पैसा सुटत असता तर तो २०२१मध्येच मुलाला "आमच्याकडे राहू दे" म्हणत घेऊन गेला असता, आणि म्हातारीला नातू दिसला नसता. पैसा कुलपात होता म्हणूनच तो आजीकडे राहिला, असंही असू शकतं ना?

कोयता

कॅशियरकाका, तुमचं खरं आहे, पण ज्यांच्या नावावर कुलूपच नाही त्यांचं काय? आमच्याकडं, बीडकडं, कोरोनात नवरा गेलेल्या बायका कितीतरी. मुलांचा एकच पालक गेला, म्हणून ठेव नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घ्यायची आणि हंगामात तोडून फेडायची. नवरा मेला की बाई अर्धा कोयता. उचल मात्र अर्धी होत नाही. मग कोयता पुरा करायला कोण? तेरा-चौदा वर्षांचं पोरगं. मी माझ्या वस्तीवरची तीन घरं सांगतो जिथं असंच झालं. पोरगी असेल तर तिचं लग्न आधी, म्हणजे जावई कोयत्याला.

ह्या घराला ऑक्टोबरच्या आत वीस-पंचवीस हजार हातात पाहिजे होते. उचल फिटली असती, पोरगं शाळेत राहिलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं कोरोनानं गेलेल्याच्या घराला पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीला मान्यता दिली ४ ऑक्टोबर २०२१ला. त्यानंतर पोर्टल, अर्ज, त्रुटी, परत अर्ज. तोवर टोळ्यांचे ट्रक निघून गेले होते. रक्कम बरी होती, पण पेरणी झाल्यावर बियाणं.

आणि कागद! एका ताईच्या नवऱ्याच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेलं. चाचणी झालीच नव्हती, छातीचा स्कॅन तेवढा होता. त्या स्कॅनची फिल्म तिनं पत्र्याच्या पेटीत साडीखाली जपून ठेवलेली, दिवाळीला पेटी आवरतानासुद्धा टाकली नाही, म्हणून निभावलं.

शंकासुर

पाटकरी, आकडा अर्धा सांगितलात. आयोगाच्या त्या १,३६,९१०मध्ये कोरोनाने किंवा अन्य कारणाने पालक गेलेली मुलं आहेत, एप्रिल २०२०पासूनची. सगळी कोरोनाच्या खात्यावर टाकू नका.

आता यातूनच माझा खरा आक्षेप. मे २०२१मध्ये एकाचा बाप कोरोनाने गेला, शेजारच्याचा साप चावून. दोघांच्या चुली सारख्याच विझल्या. एकाच्या दारात तहसीलदार, दुसऱ्याच्या दारात कुत्रं नाही. मरणाचं कारण बघून मुलाला मदत द्यायची, हे मला मुळातच पटत नाही. साथ आली की आपल्याला पाझर फुटतो, साथ ओसरली की आटतो. खास योजना नकोच. बालसंगोपन आधीपासून होतीच, तिची रक्कम वाढवा आणि ती वेळेवर द्या. पुढे ती २,२५० केली, तेच २०२१मध्ये का सुचलं नाही?

पाटकरी

शंकासुर, आकड्याची दुरुस्ती मान्य. ते वाक्य मी घाईत लिहिलं.

सापाचं उदाहरण मात्र पूर्ण लागू पडत नाही. साप चावून गेला त्याचं घर तरी चालू असतं. मामा येतो, मजुरी मिळते, शाळेत खिचडी मिळते. साथीत हे सगळं एकदम बंद. अंत्यविधीला माणसं नाहीत, पुढे महिनाभर घरात कोणी पाऊल टाकलं नाही.

शंकासुर

म्हणजे तेव्हा तातडीची मदत हवी होती. आणि दिलं काय, पुढच्या दशकात मिळणारी मुदत ठेव! तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय राव.

अंगणवाडीताई

सगळे पैशावर बोलताय, मी ताटाबद्दल बोलते.

मार्च २०२०ला अंगणवाडी बंद झाली. त्याआधी तीन ते सहा वर्षांची मुलं आमच्याकडे रोज शिजवलेलं खायची. बंद झाल्यावर घरपोच शिधा सुरू झाला. गहू, चणे, डाळ, तिखट, हळद, मीठ अशी पाकिटं, एकदम पन्नास दिवसांची. आम्ही ती पिशव्यांत भरून वस्त्यांवर नेली. तोंडाला ओढणी आणि मनात भीती, घरी माझी सासू दम्याची.

आता हिशेब करा. शिधा एका मुलाचा. घरात माणसं सात, पुण्या-मुंबईहून परतलेला दीर धरून. पन्नास दिवसांचं ते आठ-दहा दिवसांत संपायचं. मी आईला कशी रागावणार? चुलीवर एकच पातेलं असतं, त्यात "हे बाळाचे चणे" असं वेगळं शिजत नाही. अंगणवाडीत मूल मांडी घालून बसायचं आणि त्याच्या वाटीतलं त्याच्याच पोटात जायचं. घरी ते सगळ्यांत शेवटी जेवतं, मुलगी असेल तर त्याच्याही नंतर.

वजनकाटाही काही महिने बंद होता. मुलं वाळत होती हे डोळ्यांना दिसत होतं, रजिस्टरला नाही.

म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं. महिन्याला पैसे द्या नाहीतर ठेवीत ठेवा, मुलाला शिजवलेलं ताट कुठे मिळेल ते आधी बघा. शिवभोजन थाळी त्या काळात पाच रुपयांना केली, २०२१च्या दुसऱ्या लाटेत तर फुकट. चांगलंच झालं. पण चार वर्षांचं पोर थाळीकेंद्रावर जाऊन उभं राहतं का?

जुनं पुणं

ताई, अगदी पटलं. अवांतर, पण धरून आहे: १८७७च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम काढून त्यांना जेवू घातलं होतं. पुढे १८९७च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या आजारी पांडुरंग गायकवाडला स्वतः उचलून ससाणे मळ्यात दत्तक मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. तो जगला, त्या १० मार्चला प्लेगनेच गेल्या.

शंकासुर

आला फुल्यांचा दाखला. आता यावर कोणी काही बोलायचं नाही.

जुनं पुणं

बोला की. मी एवढंच म्हणतोय की त्यांनीही धान्य वाटण्यावर भागवलं नाही, पंगत बसवली.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितोय. वाचून ओशाळलो, म्हणून कबुली.

२०२०मध्ये आम्ही दहा-बारा जणांनी पैसे जमवून आईच्या गावच्या शाळेला टॅब पाठवले. "शाळा बंद पण शिक्षण सुरू" असं सगळीकडे चाललं होतं, वाटलं यापेक्षा नेमकी मदत काय असणार. फोटो मागवले, आलेही. हार घातलेला टॅब, मागे मुलं रांगेत. वर्षभराने गावी गेलो तेव्हा कळलं, गावात रेंज देवळामागच्या टेकडीवरच येते आणि रिचार्जला कुणाकडे पैसे नाहीत. टॅब कपाटात. मास्तर बिचारे म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं तर दोनशे वह्या आणि मुलांना अंडी मागितली असती."

आम्ही विचारलंच नव्हतं.

आणखी एक. मे २०२१मध्ये "दोन दिवसांची मुलगी, आई-वडील कोरोनाने गेले, दत्तक घ्या" असा फोन नंबरासकट मेसेज आमच्या ग्रुपवर फिरत होता. मीही तो चार जणांना पुढे ढकलला. नंतर एका वकील मैत्रिणीने झापलं. असं मूल परस्पर द्या-घ्यायचं नसतं, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला किंवा बालकल्याण समितीला कळवायचं, दत्तक फक्त कायदेशीर मार्गाने. मुलांची नावं-फोटो पसरवणं हाही गुन्हा. चांगुलपणाच्या भरात आपण कुणाच्या धंद्याला हातभार लावतोय, हे डोक्यातच आलं नाही.

कॅशियर (नि.)

न्यू जर्सीकर, कबुली द्यायला धाडस लागतं. टॅबचं सोडा, तुमच्या दत्तक मेसेजवरूनच माझा मुद्दा परत मांडतो. संकटात मुलाभोवती गर्दी होते आणि त्या गर्दीत चोर ओळखू येत नाही. म्हणून कुलूप.

पण काल रात्री कागद-पेन घेऊन बसलो. २०२१मध्ये ठेवीचा दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास धरा. पाच लाखांवर वर्षाला साडेसत्तावीस हजार, म्हणजे महिन्याला सुमारे २,२९०. मुद्दलाला हात न लावता एवढं व्याज दरमहा आजीच्या खात्यात सोडता आलं असतं. बँकेत मासिक व्याजाची ठेव ही रोजचीच गोष्ट, पेन्शनर लोक तीच करतात. काकाला सव्वादोन हजारांसाठी पोरगा पळवून न्यावासा वाटला नसता आणि म्हातारीची म्हैस कदाचित वाचली असती. तेव्हा एकाही अधिकाऱ्याला हे का सुचलं नाही, ठाऊक नाही. मलाही आत्ताच सुचलं म्हणा.

पाटकरी, निम्मी ठेव मोडून वाटायला माझा विरोध कायम आहे, व्याजाला नाही.

कोयता

व्याज घ्या, पण आमच्या अर्ध्या कोयत्याला मुद्दलच नाही, हे विसरू नका काका.

कॅशियर (नि.)

विसरलो नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

नियमावली

एक दुरुस्ती. नातेवाइकांकडे राहणाऱ्या पीएम केअर्सच्या मुलांना महिना चार हजारांचा आधार २०२२मध्ये जाहीर झाला. तेव्हा "मधल्या काळात काहीच नाही" असं चित्र रंगवू नये.

पाटकरी

मान्य, आणि त्याचा उपयोगही झाला. पण म्हैस त्याच्या आधीच्या दिवाळीत विकली. मी बोलतोय ते त्या पहिल्या वर्षाबद्दल. घराची घडी मोडते ती पहिल्या वर्षात, आणि पोर एकदा मोसंबीला जायला लागलं की वर्गात बसायला त्याचा जीव रमत नाही.

कॅशियरकाका, तुमचा व्याजाचा हिशेब मी आजीला वाचून दाखवला. तिने दोनदा विचारलं, "म्हंजी पैसं तितंच राहिलं असतं आन् म्हशीची पेंडबी निघाली असती?" हो म्हटलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

जाता जाता तुमच्यासाठी खरोखरचा प्रश्न. पोराला आयटीआयला वायरमनचं करायचंय आणि मोठा काका म्हणतो, ठेव सुटली की माझ्या नावावर गाडी घेऊ, धंद्यात तुला भागीदार करतो. पोराला स्वतःचं खातं चालवायची सवय नाही. रक्कम हातात आल्यावर ती पुन्हा त्याच्याच नावे, मासिक व्याजावर ठेवायची तर काय करावं लागेल? आणि आजीचं नाव नॉमिनी म्हणून घालता येईल का?

कॅशियर (नि.)

घालता येईल. त्याला एकट्याला घेऊन शाखेत जा, काकाला बरोबर नेऊ नका. खातं त्याच्या एकट्याच्या नावे, संयुक्त नको. एटीएमचा पिन त्याने स्वतः बनवायचा. कोऱ्या चेकवर सही करायची नाही, हे त्याला दहा वेळा सांगा. पॅन कार्ड नसेल तर आजच अर्ज टाका. बाकीचं फोनवर बोलू, निरोपात नंबर पाठवतो.