म्हातारं मांजर खाईनासं झालं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

घरातलं मांजर अकरा-बारा वर्षांचं झालं की वाटीत किती उरलंय, इकडे आपला डोळा राहतोच. ज्यांनी यातून मांजराला काढलंय, त्यांनी इथे लिहावं. मागणं एकच आहे. 'खात नव्हती' एवढ्यावर थांबू नका, कशी खात नव्हती ते लिहा. वाटीपर्यंत येऊन परत फिरायची, घास तोंडातून पडायचा, की जागची उठतच नव्हती? भूक मेलेलं मांजर वेगळं आणि भूक असून खाता न येणारं वेगळं. दोघांचे उपायही वेगळे.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते. मांजराने २४ तास काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरांना फोन करा, आणखी एक दिवस वाट बघू नका. मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृतच बंद पडू शकतं. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. अंगाने जाड असलेल्या मांजरांना हा धोका सगळ्यात जास्त. वयाने खाणं थोडं कमी होईल, पण बंद झालं तर मागे दुखणं आहे असंच धरून चाला.

*

आमची चिंगी १६ वर्षांची. वाटी ठेवली की धावत यायची, हुंगायची, ओठ चाटायची, गिळल्यासारखं करायची आणि तोंड फिरवून निघून जायची. आम्ही खाणं बदलत राहिलो: ओलं, कोरडं, उकडलेलं चिकन. पहिल्या दिवशी चाटायची, दुसऱ्या दिवशी तेही बंद. डॉक्टरांनी हे वर्णन ऐकताच सांगितलं, हिला भूक आहे, पण मळमळतंय. ओठ चाटणं, लाळ येणं, वाटीपाशी येऊन मागे सरणं ही मांजरातली मळमळीची खूण. उलटी व्हायलाच हवी असं नाही.

रक्त-लघवी तपासल्यावर किडनीचा आजार निघाला. क्रिएटिनिन आणि फॉस्फरस दोन्ही वाढलेलं. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार दिसतो. मळमळीसाठी मॅरोपिटंट सुरू झालं, कातडीखाली सलाईन द्यायला आम्हाला घरीच शिकवलं, आणि चिंगी पुन्हा खायला लागली. आधी थोडं, मग रोजच्यासारखं.

किडनीचं खास खाणं डॉक्टरांनी लगेच सुरू करू दिलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मळमळत असताना जे पुढे ठेवाल त्याचीच मांजराला शिसारी बसते, आणि मग बरं वाटल्यावरही ते त्याला शिवत नाही. त्याच कारणासाठी औषधही आवडत्या खाण्यात लपवू नका. तोवर ती जे खाईल ते खाऊ दे, असं त्यांचं सांगणं होतं.

*

आमच्या बोक्याचं वेगळं. वय १३. खायला आतुर, घास घ्यायचा, एकदम किंचाळून मागे उडी मारायचा आणि पंजाने तोंड घासायचा. नंतर तर वाटीवरच गुरगुरायला लागला. बाहेरून दात बरे दिसत होते. भूल देऊन दातांचे एक्स-रे काढले तेव्हा कळलं की दोन दाढा हिरडीखाली झिजून विरघळत चालल्या होत्या. मांजरांत हे पुष्कळ आढळतं आणि ठणका भयंकर असतो. दाढा काढल्या. जखमा भरेपर्यंत मऊ खाणं, पुढे सगळं पूर्ववत. वयामुळे भूल द्यायची भीती वाटते, मलाही वाटली. पण आधी रक्त, हृदय, रक्तदाब तपासून घेतात, आणि दुखऱ्या तोंडाने उपाशी राहणं त्याहून वाईट.

*

नाक चोंदलं असेल तरी मांजर खात नाही. वास आला नाही तर त्याला ते खाणंच वाटत नाही. आमच्या राणीला जुनी सर्दी आहे, अधूनमधून उसळते. मी नाक ओल्या कापसाने पुसते, गरम पाण्याचा नळ सोडून वाफ भरलेल्या न्हाणीघरात तिला थोडा वेळ घेऊन बसते आणि ओलं खाणं अंगाइतकं कोमट करून देते, साधारण ३८ अंश. मायक्रोवेव्हमध्ये केलं तर नीट ढवळा, मधेच चटका बसेल असा भाग राहतो. वर चिकन उकडलेलं पाणी घालते. त्यात कांदा-लसूण अजिबात नको, मांजराला ते विषारी आहे.

*

उलटी बाजूही लिहिते. म्हातारं मांजर अधाशासारखं खातंय आणि तरी वाळतंय, तर थायरॉइड तपासून घ्या.

*

वाटीत खाणं ठेवून जमत नाही म्हटल्यावर पुष्कळजण सिरिंजने भरवतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की मळमळणाऱ्या मांजराला बळजबरीने भरवू नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि खाण्याची धास्ती बसते ती वेगळीच. आमच्या भुऱ्याचं यकृत बिघडलं तेव्हा मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी घातली. ऐकूनच हातपाय गळाले होते. प्रत्यक्षात तो आठवड्याभरात नळीसकट खिडकीत बसून ऊन खात होता. सुरुवातीला फार थोडं द्यायचं, मग रोज वाढवत न्यायचं, कारण उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न झेपत नाही. आधी आणि नंतर कोमट पाण्याने नळी धुवायची. औषधंही त्यातूनच, त्यामुळे रोजची झटापट संपली. नळी असतानाच तो आपणहून खायला लागला, आणि तसा नीट टिकला तेव्हाच ती काढली.

*

आमच्या ठमीला आतड्यात लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर होता. मळमळीचं औषध चालू होतंच, शिवाय भूक लागावी म्हणून कानाच्या आत लावायचं मिर्टाझापिनचं मलम दिलं होतं. बरेच दिवस त्यावर ती आवडीने खात होती. मग एका टप्प्यावर मलम लावूनही ती वाटीकडे बघेना, अंगावरून हात फिरवलेला नको वाटायला लागला, स्वतःला चाटून साफ करणंही सोडलं. नळी घालायची का, यावर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोललो. भुऱ्यासारखं बरं होण्याची वाट असती तर घातली असती. इथे ती नव्हती. आम्ही तिला शांतपणे जाऊ दिलं आणि मला तो निर्णय बरोबरच वाटतो. मिर्टाझापिनची माणसांची गोळी मात्र घरच्या घरी अंदाजाने तोडून देऊ नका, मात्रा डॉक्टरांनाच ठरवू दे.

*

माझ्याकडून दोन कामाच्या गोष्टी. दर आठवड्याला वजन करा, लहान बाळांच्या काट्यावर छान होतं. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम घटलं तर ते पाच टक्के झालं, डोळ्यांना दिसतही नाही. दुसरं, खाताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात मांजर दबून बसतं, घरी काय करतं ते तिथे दिसतच नाही. आमचा सोन्या वाटीपाशी येऊन उभाच राहायचा. डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, हा मान खाली वाकवायला कचरतोय. एक्स-रेत मानेचा आणि कोपरांचा संधिवात निघाला. दुखण्यावर औषध सुरू केलं, वाटी पाटावर उंच ठेवली आणि रेतीच्या ट्रेपासून लांब नेली. आता वाटी चाटून पुसून ठेवतो.