'तूट' की 'तोटा'?

नौपाड्यात मी बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. परवा एका मुलीनं लिहिलं, '2025-26 मध्ये महाराष्ट्राला 45,891 कोटींचा तोटा झाला.' आकडा अर्थसंकल्पातलाच. पण तोटा? मी तिथे 'तूट' केलं. तोटा व्यापारात होतो. इथे महसुली जमा 5,60,964 कोटी आणि महसुली खर्च 6,06,855 कोटी धरला आहे, मधलं अंतर ती महसुली तूट. शिवाय हा अंदाज आहे, 'झाला' कसं म्हणायचं? तुमच्याकडे काय वापरतात?

ऐरोलीहून :
ताई, तोटा फक्त व्यापारातलाच नाही. 'घरात माणसांना तोटा नाही' म्हणतो तेव्हा तो कमतरतेचाच अर्थ. दोन्ही शब्दांचं नातं तुटण्याशीच आहे. मुलीचे गुण कापू नका.

वाशीहून :
मी कांदा-बटाटा मार्केटात हिशेब लिहितो. गोणी पावतीपेक्षा कमी भरली की वजनात तूट. खरेदीपेक्षा कमी भावानं विकली की तोटा. तूट येऊनही भाव चढला तर नफा होतो, त्यामुळे आमच्या वहीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

नौपाड्याहून :
दादा, गोणीचं उदाहरण उद्याच वर्गात सांगते. ऐरोलीकरांचंही पटलं, 'माणसांना तोटा नाही' मला सुचलंच नव्हतं. गुण कापले नाहीत.

मला जास्त खटकतं ते 'तूट भरून काढणे'. बातम्यांत कर्ज काढलं तरी हेच आणि कर वाढवला तरी हेच. कर्जानं खड्डा त्या वर्षापुरता भरतो, पुढच्या वर्षी व्याज खर्चात चढतं. तूट कमी करायची तर जमा वाढवावी लागते नाहीतर खर्च उतरवावा लागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये 100-200 रुपयांच्या मुद्रांकावर होणाऱ्या बऱ्याच कामांना किमान 500 रुपये केले, हे जमा वाढवणं. त्याला 'कमी करणे' म्हणावं, कर्ज काढण्याला 'भागवणे'. 1,36,235 कोटींच्या राजकोषीय तुटीबद्दलही असंच, म्हणजे एकूण खर्चातून कर्ज सोडून बाकीची जमा वजा केली की उरते ती तूट. त्यातल्या कर्जातून पूल झाला तर निदान पूल उरतो, पण महसुली तूट असली की कर्जाचा काही भाग पगार, निवृत्तिवेतन, व्याज अशा रोजच्या खर्चात जातो. म्हणून महसुली तूट मला जास्त काळजीची वाटते.

ऐरोलीहून :
मग 'काटकसर'?

नौपाड्याहून :
तो शब्द तर फारच सैल वापरतात. गाड्या, प्रवास, समारंभ आवरले तर काटकसर. पण पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही, म्हणून कात्री चालते ती रस्ते-पाटबंधाऱ्यांच्या कामांवर. अर्धवट राहिलेल्या कालव्याला काटकसर म्हणू नये, ती कपात आहे.

वाशीहून :
आमच्याकडे त्याला 'काम लटकलं' म्हणतात. आणि मुलीचं वाक्य शेवटी काय केलंत?

नौपाड्याहून :
'2025-26 मध्ये 45,891 कोटींची महसुली तूट अपेक्षित आहे.' तिनंच लिहिलं.