उधाणाला नको, भांगाला जा

पौर्णिमेच्या ओहोटीला पाणी खूप उतरतं, म्हणून मालवणात स्कूबाला तेव्हाच जावं, असा एक सल्ला वाचला. खडकांतल्या डबक्यांत खेकडे बघत फिरायला ठीक, पण बुडी मारायला अजिबात नको. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती-ओहोटी मोठी असते तेव्हा, पाण्याला ओढ असते, गाळ ढवळून निघतो. मी एकदा पौर्णिमेला सिंधुदुर्ग किल्ल्यामागे उतरलो होतो, तर स्वतःच्या पायातले फिन्स धड दिसेनात! वर पाणी उथळ, त्यामुळे नवखी मंडळी सरळ प्रवाळावर पाय टेकवत होती. १९८७ पासून अभयारण्य असलेल्या जागी हे बघवत नाही.

त्यापेक्षा भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस धरा: अष्टमीपासून एकादशीपर्यंत, पक्ष कुठलाही. भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरती भरत आली की बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि ओढही मंदावते. पुढच्या खेपेला दशमीला गेलो, तेव्हा पाच काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे मास्कपाशी घुटमळत होते आणि पोपटमासा खडक खरवडत होता, त्याचा कुरकुर आवाजसुद्धा ऐकू आला. फक्त माशांना घालायला सोबत पाव नेऊ नका, नावाडी कितीही म्हणाला तरी.