मैदानांचं आरक्षण उठवू नका

सांगलीत मैदानांसाठी आरक्षित मोकळ्या जागा निवासी करा आणि त्यातून येणाऱ्या पैशातून तरुणांसाठी उपक्रम चालवा, अशी सूचना पुढे आली आहे; ती मला अजिबात पटत नाही. मैदानच गेलं तर पोरांनी कबड्डी खेळायची कुठे? शिवाय आपली सांगली पुराची. 2019 साली आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45. शामरावनगरसारख्या सखल भागात मोकळ्या जागेवर भराव टाकून घरं बांधली, की तिथलं पाणी शेजारच्या गल्लीत शिरणार.

आणि आरक्षण उठवणं नुसत्या महापालिकेच्या ठरावाने होत नाही. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 नुसार जाहीर सूचना काढावी लागते, हरकतींसाठी एक महिना असतो, अंतिम मंजुरी राज्य सरकारची. तो महिना वाया घालवू नका. हरकत लेखी द्या, पोच घ्या.

शहराच्या कचऱ्याबद्दलही सांगतो: ओला-सुका वेगळा देणं 2016 च्या घनकचरा नियमांपासून बंधनकारक आहे. गाडीतही तो वेगळाच राहायला हवा, आणि मंडईतला भाजीपाल्याचा कचरा डेपोवर न नेता जवळच त्याचं खत करावं.

तरुणांसाठी माझी मागणी एकच: प्रत्येक प्रभागात रात्री उशिरापर्यंत उघडी अभ्यासिका. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कितीतरी पोरांच्या घरी बसायला शांत कोपरा नसतो.