मुंबई हायवर अजून पैसा ओतायचा का?

दांडियाबाजारी: बडोद्याच्या मराठी घरांत एक तरी माणूस ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत नाहीतर कोयली रिफायनरीत असतोच, म्हणून इथेच विचारतो. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात तेल लागलं १९७४ मध्ये, उत्पादन सुरू झालं १९७६ मध्ये. ऐंशीच्या दशकात रोज ४ लाख बॅरलच्या वर निघायचं, आता १.५ लाखही नाही. जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक मदतीला आणलं, तेल ४४ टक्क्यांपर्यंत वाढेल म्हणे. माझं मत, त्यापेक्षा खोल समुद्रात नवीन शोधा.

मकरपुरा_रिटायर्ड: साहेब, खोल समुद्राची गंमत आंध्रच्या किनाऱ्यापलीकडच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात पाहिलीत ना? ओएनजीसीने तिथला ९८/२ नावाचा ब्लॉक (तेलशोधाचा पट्टा) २००५ च्या सुमारास घेतला, तेलाचा पहिला थेंब जानेवारी २०२४ मध्ये. मुंबई हायवर पाणी ८० मीटरच्या आसपास, प्लॅटफॉर्म उभे आहेत, उरणपर्यंत पाइपलाइन आहे. तिथे थोडं जरी जास्त निघालं तरी लगेच किनाऱ्याला लागतं.

रावपुरा_जिऑलॉजी: काका, निघालं तर! खाली चुनखडी आहे, तीही थराथरांची. १९८४ पासून दाब टिकवायला पाणी सोडतोय, ते सोप्या वाटेने पळतं आणि घट्ट थरातलं तेल मागेच राहतं. व्हॉट्सॲपवर ‘७० टक्के तेल अजून खाली’ असं फिरतंय. असेलही, पण ते सगळं साठा म्हणून धरायचं नसतं. आजच्या भावात, आजच्या तंत्राने परवडेल तेवढाच साठा.

मकरपुरा_रिटायर्ड: पाण्याचं मला सांगू नकोस! ऑफशोअर ड्यूटीवर सँपलची बाटली हलवून ठेवली की खाली पाणीच पाणी, वर काळपट तेलाचा पट्टा. तरी तो पट्टा विकूनच पगार झाले. आणि भाव, तंत्र बदललं की तुझा साठाही बदलतो, मग बीपीला बोलावलं ते कशासाठी?

दांडियाबाजारी: माझी खरी शंका वेगळीच आहे. बीपीला पहिली दोन वर्षं ठरलेली फी, पुढे वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातला वाटा. मग ‘वाढीव’ मोजायची ती कुठल्या रेषेपासून? घसरण आधीच जास्त धरली, तर काही न करताही वाढ दिसेल.

रावपुरा_जिऑलॉजी: हा मुद्दा मान्य. फक्त गॅस विसरू नका. समुद्रातल्या वसई गॅसक्षेत्राचा गॅस सुरतजवळ हजिऱ्याला येतो, त्यातला विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू काढून पुढे पाइपलाइनने उत्तरेला विजयपूर-जगदीशपूरकडे जातो. तेलावर भांडताना पश्चिम किनाऱ्याचा निम्मा हिशोब बाहेरच राहतो.

मकरपुरा_रिटायर्ड: रेषा कुणी आखली ते मीही विचारीन. पण विहीर बंद करा म्हणणाऱ्याला माझं मत नाही.